मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि परतताना साडेचौदा का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमची आई वयाच्या ६९व्या वर्षी पहिल्यांदाच एकटी, जानेवारीत, पुण्याहून तुमच्याकडे न्यू जर्सीला निघणार आहे. मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर एका साइटवर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं आणि वेळ चौदा तास. तिकिटावर मात्र मुंबईहून जाताना सोळा तास आणि परतीला साडेचौदा. यातलं खरं कुठलं, आणि थेट विमान घ्यावं की मध्ये उतरणारं, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे. विमान सुटण्याच्या तीन-चार तास आधी त्याचा रस्ता, उंची, इंधन आणि वजन ठरवायचं, तो कागद कप्तानाच्या हातात द्यायचा आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवायचा, हे माझं काम. तुमचे आकडे खोटे नाहीत. फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. नीट उलगडून सांगतो, कारण हे कळलं की आईच्या प्रवासाची आखणी वेगळ्या रीतीनं कराल.

साडेबारा हजारापासून सुरुवात करू. हा आकडा पक्का आहे. अधिक नेमका हवा तर सुमारे १२,५४० किमी, आमच्या हिशेबात सुमारे ६,७७० नॉटिकल मैल. पण हे अंतर कुठल्या रेषेवर मोजलंय? घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा पश्चिमेला जाईल असं वाटतं, पण तो सरळ वर, उत्तर-वायव्येला सुटतो. क्वेट्ट्याच्या जवळून, तुर्कमेनिस्तानवरून, मॉस्कोला जवळजवळ चिकटून, हेलसिंकीच्या किंचित वरून, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमवरून, आइसलँडच्या रेक्याविकवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी घासून, मग कॅनडातलं लॅब्रडोर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि शेवटी न्यूयॉर्क. नव्यानं कामाला लागलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. मॉस्को दोऱ्याखाली आलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र पट्टीनं रेघ मारलीत, तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया करत मोरोक्कोतल्या माराकेशवरून अटलांटिकमध्ये उतरते. दिसायला तीच सरळ, पण तिची लांबी सुमारे १४,२०० किमी भरते. म्हणजे साडेसोळाशे किलोमीटर जास्त. गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून जवळचा रस्ता तिथे वाकडा दिसतो.

आता खरी गोष्ट. तो ताणलेला दोरा हे जमिनीवरचं कमीत कमी अंतर झालं, विमानाचा रस्ता नव्हे. प्रत्येक देशाचं आकाश त्या देशाचं असतं. त्यातून जायची परवानगी लागते, त्याचे पैसे मोजावे लागतात, आणि ते कधीही बंद होऊ शकतं. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केली ती जुलैच्या मध्यापर्यंत. त्या सकाळी आमच्या खोलीतल्या प्रत्येक पडद्यावर पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचे रस्ते नव्यानं आखले जात होते. रात्री दिलेले प्लॅन फाडून टाकले. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना मिटलं, भारतीय कंपन्यांना उघडं राहिलं. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे रस्ते वेगळे झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना पुन्हा बंदी घातली आणि त्याच जूनमध्ये इराण आणि इराकचं आकाश काही दिवस बंद होतं.

या बाबतीत मुंबई दिल्लीपेक्षा नशीबवान आहे. आपल्याला दारातच समुद्र आहे. धावपट्टी सोडली की अरबी समुद्र, तिथून आखाताच्या बाजूनं वर सरकता येतं. पाकिस्तानचं आकाश बंद असलं की दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे उतरून मग पश्चिमेला वळावं लागतं, आणि तासाभराचा फटका बसतो. तरीही मुंबई–न्यूयॉर्कचा प्रत्यक्ष रस्ता आखात किंवा इजिप्त, मग युरोप, आयर्लंड आणि अटलांटिक असा गेला की तेरा ते साडेतेरा हजार किलोमीटर होतो. कुठल्या दिवशी किती, ते त्या दिवशीच कळतं.

वेळेकडे वळू. लांब पल्ल्याची मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्के वेगानं उडतात. पस्तीस हजार फुटांवर तापमान उणे पन्नासच्या खाली असतं. थंड हवेत आवाज सावकाश जातो, म्हणून तिथे हा वेग ताशी ८९० किमीच्या आसपास येतो. साइटवाले साडेबारा हजाराला साधारण नऊशेनं भागतात आणि वर थोडं चढवतात. झाले चौदा तास! गणित बरोबर आहे, पण त्यात वारा नाही.

वाऱ्यासाठी विमानं विसरा, कृष्णेचा घाट आठवा. धारेला लागून पोहणारा आणि धारेविरुद्ध पोहणारा, दोघे सारखेच हात मारतात. पाण्यातला वेग दोघांचा सारखा, काठावरून बघणाऱ्याला मात्र एक पळताना दिसतो आणि दुसरा रेंगाळताना. विमानाचं ८९० हे हवेतलं मोजमाप आहे, आणि हवा स्वतःच वाहत असते. उत्तर गोलार्धात तीस ते साठ अंशांच्या पट्ट्यात, नेमक्या आमच्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याच्या जोरदार नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उष्ण हवा यांतला फरक जितका मोठा, तितकी धार जोराची. म्हणून जानेवारीत ती सर्वांत तगडी आणि जुलैत मवाळ.

तेरा हजार किलोमीटरवर सरासरी पन्नासचा वारा समोरून धरा. वेग उरला ८४०, वेळ साडेपंधरा तास. तोच वारा पाठीमागून धरा, वेग ९४०, वेळ पावणेचौदा. दोन्हीत विमानतळावर इकडेतिकडे रांगण्याचा अर्धा-पाऊण तास मिळवा आणि तिकिटावरचे आकडे बघा. सोळा आणि साडेचौदा आलेच. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतची असते, नुसती उडण्याची नव्हे. कंपन्या त्यात थोडी फट ठेवतात. उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं, ते त्या फटीमुळे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो मला लग्नसमारंभातसुद्धा विचारला जातो. पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं ना? नाही. हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे, पण तो वाऱ्याची दिशा ठरवण्यापुरता.

वारा अंतरावर कशी मात करतो याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेला जायचं. तो रस्ता सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेनं, पूर्वेला, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आली, कारण सगळा रस्ता वारा पाठीशी. चौदाशे किलोमीटर जास्त उडून आधी पोचणं! आमच्या धंद्यात याहून समाधानाची गोष्ट नाही. म्हणून 'अंतर किती' असं कुणी विचारलं की मी आधी 'कुठल्या दिशेनं आणि कुठल्या महिन्यात' असं विचारतो.

तुमच्या आईच्या रस्त्यावर ही उडी शक्य नाही. पण अटलांटिकवर असाच खेळ रोज होतो. आयर्लंड ते कॅनडा हा पट्टा इतका गजबजलेला आहे की तिथले समांतर रस्ते रोज, दिवसातून दोनदा, वारा बघून नव्यानं आखले जातात. पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूनं, पूर्वेला येणाऱ्यांसाठी कॅनडातल्या गॅन्डरमधून. पश्चिमेचे रस्ते धारेला चुकवून वर किंवा खाली सरकतात, पूर्वेचे धारेच्या मधोमध बसतात. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळी रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं बोइंग ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी तेच सहा-साडेसहा तास घेतं.

आता जानेवारीतली आमची रात्रपाळी कशी असते ते सांगतो. साडेदहाच्या सुमाराला वाऱ्याचे नवे नकाशे हाती येतात. अटलांटिकवर लाल पट्टा जाड दिसला की समजायचं, आज ताण आहे. संगणक चार-पाच रस्ते काढून देतो: एक छोटा पण वाऱ्याच्या तोंडावर, एक चारशे किलोमीटर लांब पण वारा चुकवणारा, एक स्वस्त आकाशातून, एक महाग आकाशातून. बोइंग ७७७ अशा प्रवासात ११० ते १२० टन इंधन जाळतं. अर्धा तास वाढला तर साडेतीन-चार टन इंधन जास्त लागतं, आणि ते जास्तीचं इंधन उचलून नेण्यासाठी त्यावर आणखी इंधन लागतं. विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ठरलेलं असतं. मग काय उतरवायचं? माणसं नाही, सामान नाही, तर पोटातला माल. एका वर्षी सीझनच्या पहिल्या हापूसच्या पेट्या अशाच खाली ठेवाव्या लागल्या होत्या. त्या रात्री मालविभागातला माणूस फोनवर काहीच बोलला नाही, नुसता 'बरं' म्हणाला, आणि ते 'बरं' मला अजून आठवतं. पेट्या दुसऱ्या दिवशीच्या विमानानं गेल्या.

या वजनामुळेच विमान सुरुवातीला एकतीस-बत्तीस हजार फुटांवरच चालतं. इंधन जळून अंग हलकं होत जातं तसं ते पायऱ्या चढल्यासारखं अडतीस-चाळीस हजारांपर्यंत जातं. मध्यरात्री इंजिनाचा आवाज किंचित वाढला आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पूर्ववत झाला, तर ती एक पायरी होती. आईला हे आधीच सांगून ठेवा. एकट्या माणसाला अंधारात असे आवाज फार मोठे वाटतात.

घड्याळाचा घोळ बहुतेकांच्या हिशेबात असतो, म्हणून तोही सोडवू. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. जानेवारीत मुंबईहून पहाटे २ ला सुटलेलं विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचतं असं तिकिटावर दिसतं. साडेपाच तास? नाही, साडेपाच अधिक साडेदहा, सोळा. परतीला न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघालं तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजतो. पंचवीस तास दिसतात, त्यातून साडेदहा वजा करा, साडेचौदा. आईची परतीची तारीख मार्चच्या मध्यानंतर असेल तर साडेनऊनं हिशेब करा.

त्यातून एक गंमत होते, ती आईला आधी ठाऊक असलेली बरी. जानेवारीत पहाटे २ ला सुटलेलं हे विमान सूर्याच्या पुढे पळत राहतं. जवळजवळ सगळा प्रवास रात्रीत होतो आणि उजाडायला लागतं ते कॅनडाच्या किनाऱ्याच्या आसपास, म्हणजे पंधराव्या तासाला. खिडकीची झडप उघडून बघावं तर अंधार, झोपून उठून बघावं तर पुन्हा अंधारच. पहिल्यांदा प्रवास करणारी वडीलधारी माणसं यानं बेचैन होतात. 'अगं, या प्रवासात रात्रच सोळा तासांची असते' एवढं आधी कानावर घातलंत तरी पुरे.

आता थेट की मध्ये उतरून. बहुतेकांना वाटतं मध्ये उतरलं की अंतर फार वाढतं. आकडे बघा. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किमी, लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज १२,७५०. थेट अंतराहून जेमतेम दोनशे जास्त! दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२०, म्हणजे सुमारे १२,९५०, चारशे जास्त. लंडन आणि आखात दोन्ही त्या प्रवासाच्या वाटेवरच आहेत. एअर इंडियानं मे १९६० मध्ये बोइंग ७०७ नं न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तीही लंडनमार्गेच. मुंबई–न्यूयॉर्क थेट उड्डाण २००७ मध्ये आलं, तेवढं इंधन पोटात घेऊन उडणारी विमानं मिळाली तेव्हा.

म्हणजे मध्ये उतरण्यात किलोमीटर जात नाहीत, तास जातात: उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसरं गेट शोधणं, दोन ते सहा तासांची वाट. आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरं सुटण्याची धास्ती. दीड-दोन तासांचं कनेक्शन तिकीट विकणाऱ्याच्या पडद्यावर छान दिसतं, पण रस्ते अचानक लांबतात अशा काळात मी ते माझ्या आईसाठी घेणार नाही. घ्यायचंच असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा आणि दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे एक चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात पडतं.

माझं मत विचाराल तर आई एकटी आहे, भाषेची धाकधूक आहे आणि गुडघे बरे आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर थेट विमान. गुडघे किंवा पाठ सोळा तास सहन करणार नसेल, तर मात्र लंडन किंवा आखातात मोठा थांबा घेऊन, व्हीलचेअर आधी नोंदवून. व्हीलचेअर मागण्यात कमीपणा नाही. चालता येणाऱ्या ज्येष्ठांनीही ती मागावी, कारण सोबत येणारा माणूस इमिग्रेशनपर्यंत वाट दाखवतो, आणि खरी गरज त्याचीच असते. थेट विमानातही नोंदवा.

विमानाच्या सोळा तासांवरून आईच्या दिवसाची कल्पना करू नका. पुण्याहून गाडीचे चार तास, रात्रीचा घाट आणि पनवेलचा खोळंबा धरून पाच. विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी. मग सोळा. पलीकडे इमिग्रेशन आणि सामान, दीड-दोन. तिथून तुमच्या घरापर्यंत तासभर. पुण्यातल्या दारापासून न्यू जर्सीतल्या दारापर्यंत सव्वीस ते अठ्ठावीस तास झाले. त्या हिशेबानं तिनं आदल्या दिवशी दुपारी झोपून घ्यायला हवं आणि तुम्ही पोचल्या दिवशी पाहुणे बोलवायचे नाहीत.

निघण्याच्या दिवशी वेळापत्रक बघू नका, त्या दिवशीच्या विमानाचा अंदाज बघा. सुटल्यावर तासाभरात पोचण्याची जी वेळ दिसू लागते ती वारा धरून काढलेली असते, आणि तिच्यात सहसा पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही. ती सव्वासोळा तासांची दिसली तर घाबरू नका. त्या रात्री कुणीतरी लाल पट्टा चुकवून तिला थोड्या लांबच्या रस्त्यानं पाठवलंय, एवढाच त्याचा अर्थ.

एक शेवटचं, गोळ्यांचं. आईची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला असते असं तुम्ही लिहिलंय. विमानात 'सकाळचे आठ' कुठल्या घड्याळानं धरायचे? डॉक्टरांना विचारून ठरवा. पण माझ्या ओळखीच्या सगळ्या प्रवासी आयांना मी एकच गोष्ट करायला सांगतो. मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवायचं, समोरच्या पडद्यावर काहीही दिसो. पहाटे दोनला विमान सुटलं की सहा तासांनी, अंधारातच, तिच्या घड्याळात आठ वाजतील. गोळी आणि पाण्याची बाटली समोरच्या खिशात ठेवा, वरच्या कप्प्यातल्या पिशवीत नको. घड्याळ बदलायचं ते तुमच्या घरी पोचल्यावर, तुम्ही बदलून द्या.